संशोधनासाठी बाहेर जाऊ, की बाबांजवळ राहू?

(ठाण्यातल्या एका डॉक्टर वाचकाचं पत्र. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.)

पत्रलेखिका 35 वर्षांच्या, न्यूरॉलॉजीत डीएम (अतिविशेषज्ञाची पदवी) झालेल्या. घोडबंदर रोडवरच्या एका खासगी रुग्णालयात गेली चार वर्षं कन्सल्टंट आहेत. नवरा ऐरोलीला आयटी कंपनीत, मुलगी पहिलीत, घराचे हप्ते चालू. मेंदूतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा आजार आणि त्यातून येणारा डिमेन्शिया हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. याच विषयात ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाने त्यांना दोन वर्षांची रिसर्च फेलोशिप देऊ केली आहे. पैसे आत्ताच्या मिळकतीपेक्षा बरेच कमी. उत्तर महिनाअखेरपर्यंत कळवायचं आहे. अडचण अशी, की पाचपाखाडीत राहणाऱ्या त्यांच्या 72 वर्षांच्या वडिलांना नेमका हाच आजार आहे. ते हळू बोलतात, पण आजार त्यांना कळतो. आई थकली आहे, भाऊ पुण्याला. सासरे म्हणतात, "इतकं शिकून पुन्हा विद्यार्थीच व्हायचं का?" सहकारी म्हणतात, "ज्या आजारावर औषधच नाही त्यात उमेदीची वर्षं कशाला घालवतेस?" शेवटी त्या लिहितात: "मॅडम, बाबांसाठीच मला हे संशोधन करायचं आहे, आणि त्यासाठी बाबांनाच सोडून जायचं आहे. गेले तर मुलगी म्हणून कमी पडते, राहिले तर डॉक्टर म्हणून. आणि पस्तिशीत सुरुवात करायची म्हणजे उशीरच झाला ना?"

प्रिय डॉक्टर,

"बाबांसाठीच मला हे संशोधन करायचं आहे" हे वाक्य तुम्ही अगदी आतून लिहिलं आहे, आणि मला नेमकं त्याच वाक्यापाशी थांबायचं आहे. पगार, वय, सासऱ्यांचं बोलणं हे सगळं या ना त्या मार्गाने सुटतं. हे वाक्य मात्र तुम्ही जाल तरी आणि राहाल तरी तुमचा पाठलाग करील.

कॅडासिल, म्हणजे मेंदूतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा आनुवंशिक आजार. त्याचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे, पण इतर वाचकांसाठी सांगते. 1976 मध्ये पॅरिसमधल्या न्यूरॉलॉजिस्ट मारी-जेर्मेन बूसेर यांच्याकडे एक रुग्ण आला. त्याला बीपीचा त्रास नव्हता, तरी मेंदूच्या आतल्या भागात बारीक रक्तवाहिन्या बंद पडल्याच्या खुणा होत्या. त्या वेळच्या समजुतीत हे बसत नव्हतं. बूसेर यांनी तो रुग्ण मनाआड केला नाही. पुढे त्याच्याच कुटुंबातली माणसं तक्रारी घेऊन आली, तेव्हा हे घराण्यात उतरणारं दुखणं आहे असं लक्षात आलं. 1993 मध्ये या आजाराला कॅडासिल हे नाव मिळालं, 1996 मध्ये नॉच-3 या जनुकातला दोष सापडला, आणि 2019 मध्ये बूसेर व त्यांच्या तीन सहकाऱ्यांना ब्रेन प्राइझ हा मेंदू-संशोधनातला मोठा पुरस्कार मिळाला. पहिल्या रुग्णापासून जनुकापर्यंत वीस वर्षं गेली. आजार मुळातून थांबवील असं औषध अजूनही हातात नाही.

हे सांगून मला तुम्हाला नाउमेद करायचं नाही. या क्षेत्राची चालच अशी आहे, एवढंच म्हणायचं आहे. तुमच्या फेलोशिपमधून जे निघेल ते बाबांपर्यंत वेळेत पोहोचणार नाही. "बाबांसाठी" म्हणून गेलात, तर इकडे ते एकदा बाथरूममध्ये घसरले की तिकडे तुम्हाला हातातलं काम निरर्थक वाटू लागेल. "बाबांसाठी" म्हणून राहिलात, तर त्यांची चाल अजून अडखळू लागल्यावर, तुमच्या नकळत, गमावलेल्या संधीचा हिशेब त्यांच्या नावावर लागेल. दोन्हींत त्यांच्यावर अन्याय आहे. तेव्हा बाबांची काळजी आणि तुमचं संशोधन या दोन गोष्टी आधी वेगळ्या करा. दोन्ही तुमच्याच आहेत, पण एकीने दुसरीची किंमत चुकवायची नाही.

बाबांमुळे तुम्हाला एक गोष्ट मात्र खरोखर मिळाली आहे. हा आजार घरात कसा दिसतो ते तुम्ही रोज पाहता. ओपीडीत आपण माणसाला दारापासून खुर्चीपर्यंत चालायला सांगतो. तो उंबऱ्याशी क्षणभर अडतो, मग पाय फरशीला चिकटल्यासारखी छोटी पावलं टाकत येतो. हात मात्र छान हलत असतात, चेहराही बोलका असतो. वळायला सांगितलं की जागच्या जागी सहा-सात पावलं टाकत वळतो. बऱ्याचदा कुणीतरी पार्किन्सन्स समजून गोळ्या सुरू केलेल्या असतात आणि त्यांचा फारसा उपयोग झालेला नसतो. सोबत आलेली बायको म्हणते, "विसरत तसं काही नाहीत हो, पण काही करतही नाहीत. पेपर हातात धरून बसतात, पान उलटत नाहीत." तारीख, वार, पंतप्रधानांचं नाव सगळं बरोबर सांगतात, म्हणून चाचणीत गुणही बरे पडतात. घरातल्यांना वाटतं, रुसलेत किंवा आळशी झालेत. हे मंदावलेपण मुलगी म्हणून जवळून पाहिलेला न्यूरॉलॉजिस्ट फार वेगळे प्रश्न विचारतो.

आता बाबांना आज काय हवं ते पाहू. घरी नियमित बीपी मोजायचं, बसून आणि उभं राहूनही, कारण उभं राहिल्यावर बीपी पडत असेल तर गोळ्या वाढवणं महागात पडतं. शुगरवर लक्ष ठेवायचं. तोल आणि पायांची ताकद यासाठी फिजिओ. रात्री लघवीची घाई होते म्हणून पलंगापासून संडासापर्यंत मंद दिवा आणि भिंतीला धरायला दांडी. ऐकू कमी येतं का ते तपासून घ्यायचं. दुपारी आईला दोन-तीन तास मोकळे मिळतील असं भरवशाचं माणूस. यातल्या एकाही गोष्टीला डीएमची पदवी लागत नाही. प्रत्येक कामावर एक नाव लिहिलेलं लागतं. घरात डॉक्टर मुलगी असली की बाकी सगळे निर्धास्त होतात, आणि सगळा भार तिने न मागता तिच्याकडे येतो. तुमच्या पत्रात भावाचा उल्लेख एका ओळीत आला आहे. पुणे काही लांब नाही. तुम्ही जा किंवा राहा, भावाच्या वाट्याला काय काय येतं ते या महिन्यातच बसून ठरवा.

कागदपत्रांचंही आत्ताच पाहा. बाबांना व्यवहार समजतो आहे, सही करता येते आहे, तोवर इच्छापत्र, बँकेतली नामांकनं, आईबरोबरची जॉइंट खाती मार्गी लावा. आपल्याकडे साधं मुखत्यारपत्र त्या माणसाची समज गेल्यावर कायद्याने टिकत नाही, हे पुष्कळ कुटुंबांना बँकेच्या काउंटरवर कळतं. मग पालकत्वासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. ओळखीच्या वकिलाला घरी बोलवा आणि बाबांच्या समोर, बाबांना विचारून, हे करा.

तुमच्या सहकाऱ्यांचं वाक्य अर्धं खरं आहे. या आजारात एमआरआयवर दिसणारे मेंदूतले पांढरे डाग पुसून टाकणारी गोळी नाही. पण म्हणून हे क्षेत्र वांझ आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी गेल्या पंधरा वर्षांकडे नीट पाहिलेलं नाही. 2012 मध्ये एसपीएस-3 या चाचणीचे निकाल आले. सूक्ष्म रक्तवाहिनी बंद पडून स्ट्रोक आलेल्या 3020 रुग्णांवर ती झाली होती. ॲस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल ही रक्त गोठू न देणारी दुसरी गोळी दीर्घकाळ दिल्याने नवे स्ट्रोक लक्षणीय कमी झाले नाहीत, उलट रक्तस्राव आणि मृत्यू वाढले. हे कळलं नसतं, तर "जरा जास्त सुरक्षित" म्हणून आपण आजही ठाण्यात वर्षानुवर्षं दोन्ही गोळ्या लिहीत राहिलो असतो. कुणाच्या तरी संशोधनामुळे एक गोळी कमी झाली आणि माणसं वाचली. ही कमाई औषध सापडण्याइतकीच मोठी आहे असं माझं ठाम मत आहे.

2013 पर्यंत तर एकाच डागाला प्रत्येक शोधनिबंधात वेगळं नाव असायचं. एडिनबराच्या जोआना वॉर्डलॉ यांच्या पुढाकाराने स्ट्राइव्ह नावाचे निकष आले, तेव्हा कुठे कुणाला लॅक्यून (बारीक वाहिनी बंद पडून राहिलेला छोटा खड्डा) म्हणायचं आणि कुणाला मायक्रोब्लीड (सूक्ष्म रक्तस्राव), यावर जगभर एकमत होऊ लागलं. त्याच एडिनबरात 1936 साली जन्मलेल्या लोकांचा एक गट वर्षानुवर्षं तपासला जातो आहे. सत्तरी ओलांडल्यावर त्यांचे एमआरआय झाले. बीपी, शुगर, सिगारेट, कोलेस्टेरॉल हे सगळे नेहमीचे धोके एकत्र केले तरी माणसामाणसांतल्या पांढऱ्या डागांच्या फरकाचा जेमतेम 2 टक्के भाग उलगडला. याचा अर्थ बीपी सोडून द्यावं असा मुळीच नाही. पण "बीपी सांभाळा" एवढं सांगून रुग्णाला पाठवताना तुम्हाला जे अपुरं वाटतं, ते खरंच अपुरं आहे. उरलेला भाग कुणीतरी शोधायला हवा आहे.

2023 मध्ये लॅकी-2 या चाचणीचे निष्कर्ष आले. ब्रिटनमधली 26 रुग्णालयं, 363 रुग्ण, आणि औषधं कोणती, तर आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट आणि सिलोस्टाझोल. दोन्ही जुनी, आपल्याकडे केमिस्टच्या फळीवर असणारी. चाचणी लहान होती. निष्कर्ष आशा वाटावी असे आले, पण याहून मोठी चाचणी झाल्याशिवाय ही औषधं या आजारासाठी सरसकट देता येणार नाहीत, असंच त्यातून निघालं. (वाचकांनी कृपया यावरून स्वतःहून कुठलीही गोळी सुरू करू नये. मायग्रेनसारखी डोकेदुखी, हृदयविकार, इतर औषधं असं पुष्कळ पाहावं लागतं.) अल्झायमर्सवरच्या लेकॅनेमॅबला 2023 मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली. त्याच्या मुख्य चाचणीत चारपेक्षा जास्त मायक्रोब्लीड असलेल्यांना घेतलंच नव्हतं. म्हणजे अल्झायमर्सची नवी औषधं देतानाही आधी सूक्ष्म रक्तवाहिन्यांकडे पाहणारं जाणतं माणूस लागणार. तुमचा विषय आडबाजूला राहिलेला नाही.

ज्यांच्या घरच्या एमआरआय रिपोर्टवर "स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस" असं लिहून आलं आहे आणि जे धास्तावून हे वाचत आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. साठीनंतर थोडे पांढरे डाग पुष्कळांच्या मेंदूत दिसतात. रिपोर्टवरच्या एका ओळीने डिमेन्शिया ठरत नाही. डाग किती आहेत, कुठे आहेत, जुने छोटे स्ट्रोक किंवा सूक्ष्म रक्तस्राव दिसतात का, आणि चालण्यात, लघवीच्या ताब्यात, कामाच्या वेगात काही बदल झाला आहे का, हे डॉक्टरांना विचारा. "वयानुसार आहे" हे उत्तर कधी बरोबर असतं, पण तपासून झाल्यावर. हात, पाय किंवा चेहरा अचानक लुळा पडला, बोलणं अचानक अडखळलं, तर रिपोर्ट शोधत बसू नका, थेट स्ट्रोकची सोय असलेलं रुग्णालय गाठा.

वयाबद्दल थोडक्यात. लॅक्यूनर स्ट्रोकची आजची समज ज्यांच्या कामावर उभी आहे ते सी. मिलर फिशर दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्या नौदलात डॉक्टर होते. त्यांचं जहाज बुडालं आणि तीनेक वर्षं त्यांनी जर्मनांच्या कैदेत काढली. मानेतल्या कॅरोटिड धमनीवरचा त्यांचा गाजलेला निबंध 1951 चा, तेव्हा ते तिशीच्या अखेरीस होते. 1042 मेंदू तपासून त्यातल्या 114 मध्ये लॅक्यून दाखवणारा निबंध 1965 चा, तेव्हा पन्नाशी उलटली होती. पस्तिशीत तुमच्याकडे डीएम आहे, चार वर्षांची स्वतंत्र ओपीडी आहे आणि कोणता रुग्ण नेहमीसारखा नाही हे ओळखणारी नजर आहे. ही नजर पंचविशीत नसते.

आता ज्या गृहीतकाबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते. तुमच्या पत्रात "संशोधन" आणि "ब्रिटन" हे शब्द प्रत्येक वेळी जोडीने आले आहेत, आणि "ठाणे" आणि "प्रॅक्टिस" हे दुसऱ्या जोडीने. ही विभागणी मला मान्य नाही.

1971 मध्ये मुंबईच्या नोशीर वाडिया यांनी सहकाऱ्याबरोबर नऊ कुटुंबांचं वर्णन प्रसिद्ध केलं. तोल जाणारी, आणि डोळे अतिशय सावकाश फिरवणारी माणसं. आज त्या आनुवंशिक आजाराची ओळख एससीए-2 अशी आहे. त्यांनी डोळ्यांची ती संथ हालचाल पाहिली, नोंदली आणि घराण्यांची झाडं काढली. हे घडलं आपल्याच शहरात, आपल्याच रुग्णांमध्ये. आणि खारघरला टाटा मेमोरियलच्या केंद्रात कर्करोगाचे रुग्ण आणि प्रयोगशाळा एकाच आवारात आहेत. प्रॅक्टिस इथे आणि संशोधन तिथे, असं आपल्या भागातही सगळीकडे नाही.

उलट काही प्रश्न असे आहेत की ते इथेच सुटू शकतात. स्प्रिंट माइंड हा 2019 चा अभ्यास घ्या. वरचं बीपी 140 ऐवजी 120 च्या खाली ठेवल्याने सौम्य बौद्धिक घसरण कमी झाली, डिमेन्शियाच्या बाबतीत फरक ठामपणे सिद्ध झाला नाही. पण मधुमेह असलेले आणि आधी स्ट्रोक होऊन गेलेले लोक त्या चाचणीत घेतलेच नव्हते. तुमच्या सोमवारच्या ओपीडीच्या बाकावर कोण बसलेलं असतं ते आठवा. मधुमेह आणि आधीचा स्ट्रोक, बऱ्याचदा दोन्ही एकाच माणसात. त्यांचं बीपी किती खाली आणावं याचं उत्तर त्या चाचणीतून सरळ उचलता येत नाही.

किंवा भाषेचं घ्या. डिमेन्शिया ओळखण्यासाठी आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) भारतीय भाषांमध्ये चाचण्यांचा संच तयार केला. 2020 च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पहिल्या अभ्यासात हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम होत्या. मराठी नव्हती. चौथीपर्यंत शिकलेली, आयुष्यभर तोंडी हिशेब केलेली जांभळी नाक्यावरची भाजीवाली जेव्हा मंदावते, तेव्हा ते मंदावणं मोजायचं कशाने? आकडे आणि अक्षरं जोडत जाण्याची चाचणी तिला देऊन काय कळणार? लासी-डॅड या देशव्यापी अभ्यासाने साठीपुढच्या भारतीयांत डिमेन्शियाचं प्रमाण 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख माणसं, असा अंदाज दिला. त्यातल्या किती जणांच्या मेंदूत सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा वाटा मोठा आहे, हे कळण्यासाठी माणसांमागे वर्षानुवर्षं जावं लागेल. कर्नाटकात श्रीनिवासपूर तालुक्यातल्या खेड्यांमध्ये बंगळूरच्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चने असं काम हाती घेतलं आहे. ठाणे-कळवा-दिवा पट्ट्यातल्या माणसांमागे कोण जातंय?

आणि आपल्या रुग्णांकडची ती पिशवी. साडीच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी, आत रबरबँड लावलेल्या फायली, दहा वर्षांपूर्वीचं क्रिएटिनिन, गुंडाळी झालेल्या एमआरआयच्या फिल्म, तीन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या अक्षरांतली बीपीची नोंद. आपण घाईत फक्त वरचा कागद बघतो. पण त्या पिशवीत एका माणसाच्या रक्तवाहिन्यांचा दहा वर्षांचा प्रवास असतो, आणि तो जपून ठेवण्याची सवय आपल्या घरांमध्ये पक्की आहे.

मग ब्रिटन कशासाठी? पद्धत शिकण्यासाठी. एमआरआयवरचे डाग डोळ्यांनी जोखणं तुम्हाला येतं, त्यांचं आकारमान मोजणं, तीच माणसं पुन्हा पुन्हा तपासून आलेल्या आकड्यांचं विश्लेषण करणं, चाचणी आखणं, हे आपल्याकडच्या डीएमच्या तीन वर्षांत क्वचितच शिकायला मिळतं. मी सरकारी रुग्णालयात वर्षानुवर्षं रेसिडेंट घडताना पाहिले. थीसिस करायचा म्हणून करतात, संख्याशास्त्रज्ञाकडे शेवटच्या महिन्यात जातात. ही उणीव खरी आहे आणि ती भरून काढायला चांगली जागा मिळत असेल तर जावं.

म्हणून माझं मत सरळ सांगते. जा. पण लगेच नको, आणि रिकाम्या हातांनी नको. प्राध्यापकांकडे सहा महिन्यांनी रुजू होण्याची परवानगी मागा आणि ते सहा महिने ठाण्यात कामी लावा.

सगळ्यात आधी एका कागदावर तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहा. "सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या आजारावर काम करायचं आहे" हा विषय झाला, प्रश्न नव्हे. "उभं राहिल्यावर बीपी पडणाऱ्या मधुमेही रुग्णांत पांढरे डाग जास्त वेगाने वाढतात का?" हा प्रश्न आहे. "शाळा कमी शिकलेल्या मराठी भाषकांमधलं मंदावणं घड्याळ आणि चालीवरून ओळखता येईल का?" हाही. प्रश्न ओपीडीतून निघाला तर तुम्ही तिकडे दुसऱ्याच्या प्रकल्पातला एक हात म्हणून राहणार नाही, आणि परत याल तेव्हा काम वाट पाहत असेल.

मग रुग्णालयातल्या रेडिओलॉजिस्टबरोबर बसा. डिमेन्शियाच्या संशयाने आलेल्या प्रत्येकाचा एमआरआय एकाच ठरलेल्या पद्धतीने व्हावा, त्यात सूक्ष्म रक्तस्राव दाखवणारा सीक्वेन्स असावा आणि रिपोर्ट स्ट्राइव्हच्या शब्दांत लिहिला जावा, एवढं ठरलं तरी मोठं काम झालं. एथिक्स कमिटीकडे अर्ज आधी करा, माहिती नंतर गोळा करा. कमिटीची आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी आहे का ते विचारून घ्या. डिमेन्शियाच्या रुग्णांची संमती हा नाजूक भाग आहे. ज्याला समजतंय त्याची स्वतःची, ज्याला समजत नाही त्याच्या कायदेशीर प्रतिनिधीची, आणि तरीही रुग्ण मान हलवून नको म्हणाला तर ते नकोच. संख्याशास्त्रज्ञाला पहिल्या दिवशी भेटा. फक्त खासगी रुग्णालयातले रुग्ण घेतलेत तर विमा आणि ऐपत असलेलेच दिसतील, म्हणून कळव्याच्या महापालिका रुग्णालयातल्या मेडिसिन विभागाशी बोलून पाहा. ज्येष्ठ नागरिक संघांच्या बैठकाही विसरू नका, तिथे अजून आजारी न पडलेली माणसं भेटतात आणि तुलनेला तीच लागतात.

परदेशी संस्थेबरोबर पैसे, नमुने किंवा माहितीची देवाणघेवाण असलेला प्रकल्प उभारायचा तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची परवानगी लागू शकते आणि तिला वेळ लागतो, हे वेळापत्रकात धरा. परतल्यावरच्या पैशांसाठी इंडिया अलायन्स या संशोधनाला निधी देणाऱ्या संस्थेच्या डॉक्टरांसाठीच्या फेलोशिप आणि आयसीएमआरच्या प्रकल्प अनुदानांचे नियम आत्ताच वाचून ठेवा, म्हणजे तिकडे असतानाच अर्जाची तयारी होईल.

प्राध्यापकांना संकोच न करता विचारायच्या गोष्टी आहेत. त्यांचे आधीचे फेलो आज कुठे आहेत आणि मायदेशी परतून कितीजण हेच काम करताहेत? मी गोळा केलेल्या माहितीवर हक्क कुणाचा? इमेज ॲनालिसिस मला शिकवणार की दुसरा विभाग करून देणार? बरे मार्गदर्शक या प्रश्नांनी दुखावत नाहीत. जे दुखावतात त्यांच्याकडे दोन वर्षं काढू नयेत.

सहा महिने द्यायला ते तयार झाले नाहीत तर? मग बाबांच्या कामांची यादी आणि नावं तेवढ्या अवधीत बसतात का ते पाहा. बसत असतील तर जा. नसतील तर ही फेलोशिप सोडा, विषय सोडू नका. बंगळूरचं निमहान्स आहे, त्रिवेंद्रमची श्री चित्रा वैद्यकीय संस्था आहे, आयसीएमआरने उभं केलेलं स्ट्रोक चाचण्यांचं जाळं आहे. याच जाळ्यातून स्प्रिंट इंडिया ही 31 केंद्रांवरची स्ट्रोकची चाचणी झाली आणि तिचा निकाल 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. बंगळूरला विमानाने दीड-दोन तासांत पोहोचता येतं, आणि बाबांना भेटायला शनिवारी परतता येतं.

पैशांबद्दल एवढंच: दोन वर्षांचे हप्ते, मुलीची शाळा, तिकडचं भाडं आणि इकडच्या मदतनीस बाईंचा पगार हे एका तक्त्यात मांडा आणि नवऱ्याबरोबर एका बैठकीत निकालात काढा. रुग्णालयाला राजीनामा देण्याआधी बिनपगारी रजा मिळते का ते विचारा. मोकळेपणी मागणाऱ्याला कधीकधी मिळते. सासऱ्यांशी वाद घालू नका. त्यांना एकदा तुमच्या ओपीडीत नेऊन बसवा, रुग्णांची परवानगी घेऊन. इतकं शिकलेल्या सुनेलाही रुग्णाला काय सांगावं हे कुठे अडतं, ते त्यांनी स्वतः पाहू दे.

एक गोष्ट तुमच्या पत्रात कुठेच नाही. तुम्ही बाबांना विचारलंत का? त्यांना हा आजार आहे हे त्यांना कळतं, असं तुमच्याच वर्णनावरून दिसतं. ते हळू बोलतात, उत्तराला वेळ लावतात, पण उत्तर देतात. या आजारात माणूस पुढाकार घेत नाही, म्हणून त्याला मत नाही असं घरातले धरून चालतात. सकाळच्या वेळी, टीव्ही बंद करून, एकच प्रश्न विचारा आणि पुरेसा वेळ थांबा. "मी दोन वर्षं शिकायला जाऊ का?" एवढाच. आई आणि भाऊ समोर असू देत. ते "जा" म्हणाले तर त्या "जा"च्या मागे काय आहे तेही विचारा, आणि "नको" म्हणाले तर कशाची भीती वाटते ते विचारा. ती भीती रात्रीच्या पडण्याची असेल, तर तिच्यावर इलाज आहे. तुम्ही परत याल की नाही याची असेल, तर परतीची तारीख आणि तीन महिन्यांनी एकदा येण्याचं तिकीट त्यांच्या हातात द्या.

ही बैठक या रविवारी घ्या. प्राध्यापकांना मुदतवाढीचा मेल सोमवारी पाठवा, महिनाअखेरपर्यंत थांबू नका. व्हिसा, निधीची वर्षं, प्रकल्पातल्या जागा यांचं गणित त्यांनाही नव्याने मांडावं लागेल आणि त्याला वेळ लागतो. मेलबरोबर तुमचा तो एका वाक्यातला प्रश्न आणि सहा महिन्यांत ठाण्यात काय करणार आहात त्याचं एक पान जोडा.